तयार गेमिंग संगणक की जुळवलेला? टिळकवाडीतील एका दुकानाचा अनुभव
खानापूरहून मुलासाठी गेमिंग संगणक घ्यायला बेळगावला गेलो, तेव्हा टिळकवाडीतील एका दुकानात मांडलेला तयार संच रंगीत दिव्यांमुळे पाहताक्षणीच आवडला. परंतु बाजूची काच काढायला लावल्यावर आत १६ जीबीची एकच रॅम पट्टी दिसली, म्हणजे ड्युअल चॅनलचा (दोन पट्ट्या एकत्र चालवून मिळणाऱ्या जादा वेगाचा) लाभ मिळणार नव्हता, आणि एसएमपीएसवर, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या भागावर, ८० प्लस या वीज-कार्यक्षमतेच्या प्रमाणपत्राची खूणही नव्हती. अखेर त्याच दुकानातून रायझन ५ ७६०० हा प्रोसेसर व आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्ड असे सुटे भाग निवडून संगणक जुळवून घेतला. मदरबोर्डवर प्रोसेसर बसवण्याची जागा एएम५ सॉकेट प्रकारची असल्याने पुढे मदरबोर्ड न बदलता नुसता प्रोसेसर बदलता येईल. केबली मागून नेटक्या बांधल्या होत्या. मात्र प्रत्येक भागाची वॉरंटी स्वतंत्र असल्यामुळे बिलावर सिरियल क्रमांक आग्रहाने लिहून घ्यावे लागले. आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते, म्हणून यूपीएसही घेतला.