कांग यात्से २ चं पॅकेज: डोंगरावरच्या टीमला पाच स्टार, पुण्याच्या ऑफिसला दोन

कंपनीचं नाव लिहीत नाही कारण पैशांचं बोलणं अजून चालूय, पण पुण्यातून हिमालयात पीक (शिखर) करायला कुणासोबत जावं म्हणून शोधाशोध करणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पीक होतं लडाखमधलं कांग यात्से २, उंची ६,२५० मीटर. २०२० मध्ये तिथलंच स्टोक कांगरी शिखर बंद केलं तेव्हापासून ‘पहिलं सहा हजारी’ म्हणून बऱ्याच कंपन्या हेच विकतात. शेजारचं कांग यात्से १ सुमारे ६,४०० मीटरचं आणि चांगलंच टेक्निकल आहे, त्यामुळे जाहिरातीत नुसतं कांग यात्से लिहिलं असेल तर आधी विचारून घ्या. दोन नंबरला दोरावर लटकणं वगैरे फारसं नाही, बर्फाचा न संपणारा चढ आहे, पण म्हणून ऑफिसमधला मुलगा फोनवर ‘एकदम बिगिनर फ्रेंडली सर’ म्हणत होता ते काही पटलं नाही. रात्री बारा-एकला उठून क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे लोखंडी काटे) चढवून अंधारात कित्येक तास चालायचंय, सिंहगडावर पिठलं-भाकरी खायला जायचं नाहीये.

सिंहगडावरून आठवलं, त्यांचा ट्रेनिंगचा चार्ट चांगला होता हे मान्य. पाठीवर वजन घेऊन आतकरवाडीतून गड, आठवड्यात पळणं, जिने, सगळं व्यवस्थित लिहिलेलं. फक्त यातून पाय आणि दम तयार होतो, उंचीची सवय होत नाही. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच कळसूबाई १,६४६ मीटर आणि आपण विमानातून उतरतो तेच लेहला, साडेतीन हजारावर. तिथे पहिले दोन दिवस गप पडून राहायचं, पाणी प्यायचं, मार्केटमध्ये हुंदडायचं नाही.

आता पहिला खटका. तीन हजाराच्या वर गेलं की झोपायची जागा रोज तीनशे ते पाचशे मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही, असा साधारण नियम आहे. यांच्या पहिल्या आयटिनररीत हांकर गावाहून थेट निमालिंगचा कॅम्प होता, म्हणजे चार हजाराच्या आसपास झोपून दुसऱ्या रात्री एकदम ४,७०० च्या वर. मधे थाचुंगत्से नावाची चांगली कॅम्पसाइट आहे, तिथे थांबवा म्हटलं तर उत्तर काय, ‘सर सगळ्या बॅच असंच करतात’. बऱ्याच ईमेल गेल्या-आल्या तेव्हा कुठे एक दिवस वाढवला, आणि त्याचे पैसेही लावले. वर पाच टक्के जीएसटी, वाइल्डलाइफ फी, पर्सनल बॅग घोड्यावर टाकायचे वेगळे पैसे हे सगळं हळूहळू बाहेर आलं. इन्शुरन्सबद्दल तर चकार शब्द नाही. ट्रॅव्हल पॉलिसी आहे म्हणून निवांत राहू नका, बऱ्याच पॉलिसीत ठरावीक उंचीच्या वरचं आणि माउंटेनियरिंग कव्हरच नसतं, त्यात हेलिकॉप्टर रेस्क्यू धरलंय का ते बघा. आणि आपल्याकडचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं, हेही आम्हाला ड्रायव्हरने सांगितलं!

डोंगरावरची माणसं मात्र सोन्यासारखी. गाइड लडाखीच, कमी बोलणारा. रोज संध्याकाळी डायनिंग टेंटमध्ये ऑक्सिमीटर फिरायचा, आकडे एका चुरगळलेल्या वहीत लिहायचा, पण आकड्यापेक्षा त्याचं लक्ष कोण किती जेवतंय याकडे जास्त. ग्रुपमधल्या एकाला निमालिंगला नुसतं बसूनही धाप लागत होती आणि खोकला थांबेना, गाइडने सकाळची वाट न बघता रात्रीच एक माणूस आणि घोडा सोबत देऊन त्याला खाली पाठवला. फुप्फुसात पाणी व्हायचं लक्षण असू शकतं, त्यात खाली उतरणं हाच खरा इलाज, डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घेऊन वर बसून राहायचं नसतं. (ती गोळी घ्यायची की नाही ते पुण्यातच डॉक्टरांना विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर नक्कीच.) कुकबद्दल एवढंच सांगतो, बेस कॅम्पला सगळ्यांची भूक मेलेली असताना त्याने आमच्याकडचं मेतकूट मागून घेतलं आणि गरम मऊ भातावर तूप घालून वाढलं, ताटं चाटूनपुसून साफ.

आणि मग बूट. फॉर्ममध्ये साइज नऊ लिहिली होती, बेस कॅम्पला पोतं उघडलं तर माझ्या वाट्याला आठ. ऑफिस म्हणालं होतं सगळं वर रेडी असेल. गाइडने जाड मोजे काढून पातळ घालायला लावले, लेस दोनदा सैल करून बांधली, पण घट्ट बूट म्हणजे बोटांकडे रक्त नीट जात नाही आणि उणे तापमानात हे सरळ फ्रॉस्टबाइटला, म्हणजे बोटं गोठायला आमंत्रण. समिटच्या रात्री प्रत्येक थांब्याला तो हेडलॅम्प माझ्या पायावर मारून एकच विचारायचा, ‘अंगूठा हिल रहा है?’ कॅम्प वन सोडून बरंच वर गेल्यावर मला अंगठा कळेनासाच झाला, त्याने असिस्टंटबरोबर मला तिथूनच खाली लावला. तेव्हा चिडलो होतो, आता वाटतं त्याच्या जागी पुण्यातला तो फोनवाला असता तर ‘थोडंच राहिलंय सर’ म्हणाला असता. बाकीच्यांतले काही जण वर जाऊन आले, काही नाही. कंपनीच्या इन्स्टावर मात्र बेस कॅम्पचा ग्रुप फोटो टाकून ‘मोहीम फत्ते’, आम्ही सगळे हसतमुख.

यांच्याकडून जाऊ का म्हणाल तर गाइड कोण, त्याने मनाली किंवा उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थेसारख्या ठिकाणाहून कोर्स केलाय का, किती जणांमागे एक गाइड आणि रिझर्व्ह डे (हवा बिघडली तर हाताशी असलेला जादा दिवस) आहे का, हे लेखी घेऊन मग जा. बूट तेवढे पॅकेजमधून काढून टाका. लेहला चांगस्पात भाड्याने मिळतात, रेस्ट डेच्या दिवशी जा, जाड मोजे घालून दुकानातच दहा मिनिटं चाला आणि उतारावर उभं राहिल्यासारखे पुढे झुकून अंगठा टेकतोय का ते बघा.