थायलंडचे राजे कुठे भेटतात: राच्चबोफित की अयुथया?

थायलंडला जाऊन राजांच्या समाध्या पाहायच्या म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. सगळे राजे एका जागी सापडतील अशी समाधी तिथे नाही. राजाचं दहन बँकॉकच्या सनाम लुआंग मैदानावर, मेरू पर्वताच्या कल्पनेवर खास उभारलेल्या आणि नंतर काढून टाकल्या जाणाऱ्या मंडपात होतं. आजच्या चक्री घराण्यातल्या राजांना पहिले राम, दुसरे राम असं क्रमाने म्हणतात. नववे राम, म्हणजे भूमिबोल, 13 ऑक्टोबर 2016 ला गेले आणि त्यांचं दहन झालं 26 ऑक्टोबर 2017 ला. दहनानंतर अस्थी कलशात घालून राजवाड्यातल्या चक्री महाप्रासादात ठेवतात. तिथे आपल्याला कोणी सोडत नाही. रक्षा मात्र देवळात, बुद्धमूर्तीच्या आसनात ठेवली जाते. आपण रक्षा नदीत सोडून मोकळे होतो. तिथे ती राजाच्या नावाशी जोडलेल्या देवळात कायमची राहते.

थाईत ‘वाट’ म्हणजे देऊळ. त्यामुळे वाट फो (इथे पहिले राम), वाट अरुण (दुसरे), संगमरवरी वाट बेंचमबोफित (पाचवे) आणि वाट सुथात (आठवे) ही देवळं तुम्ही एरवीही पाहणारच. बहुतेक लोक मूर्तीचा फोटो काढतात आणि खाली कोण आहे हे न कळताच बाहेर पडतात. खास याच कारणासाठी वेळ काढायचा, तर खरी निवड दोनच ठिकाणांत आहे.

बँकॉकमध्ये एकच दिवस हाताशी असेल तर माझं मत वाट राच्चबोफितला. राजवाड्यापासून चालत जाता येतं, मेट्रोचं साम योत स्टेशनही जवळ आहे आणि गर्दी वाट फोच्या मानाने काहीच नाही. पाचव्या रामांनी, म्हणजे चुलालोंगकोर्न यांनी, 1869 मध्ये ते बांधायला घेतलं. बाहेरून रंगीत चिनी मातीच्या फरशांनी मढवलेलं थाई देऊळ, आत शिरलं की युरोपातल्या चर्चसारखी कमान आणि सोनेरी नक्षी. दारांवर शिंपल्याच्या जडावात राजाची मानचिन्हं आहेत. आवाराच्या दरवाजांवर तर द्वारपाल म्हणून चक्क युरोपीय गणवेशातले सैनिक कोरलेत! मुख्य मूर्तीच्या आसनात सातव्या रामांची रक्षा आहे. ते 1935 मध्ये राजपद सोडून 1941 मध्ये इंग्लंडमध्ये वारले, दहन लंडनला साधेपणाने झालं आणि अस्थी मायदेशी आल्या 1949 मध्ये. भूमिबोल यांच्या रक्षेचा एक भागही इथेच आहे, दुसरा वाट बोवोन्निवेतला.

पण इथलं खरं पाहण्यासारखं आहे ते पश्चिमेच्या बाजूचं राजघराण्याचं स्मशान. बाग म्हणावी अशी जागा, आणि तिच्यात स्तूप, ख्मेर पद्धतीचे प्रांग (कणसासारखे उंच मनोरे), गॉथिक चर्चच्या छोट्या प्रतिकृती अशी स्मारकं दाटीवाटीने उभी आहेत. त्यातले चार सोनेरी शिखरांचे स्तूप चुलालोंगकोर्न यांच्या चार राण्यांच्या नावे आहेत. एक सुनंदा राणीचा. 31 मे 1880 ला बांग पा-इनच्या राजवाड्याला जाताना तिची नाव उलटली आणि ती लहान मुलीसह बुडाली. वय अवघं एकोणीस, त्यात गरोदर. राजघराण्यातल्या व्यक्तीला हात लावायची बंदी म्हणून कोणी वाचवलं नाही, असं सांगतात. तिच्या दोन सख्ख्या बहिणीही त्याच राजाच्या राण्या, आणि त्यांचे स्तूपही तिथेच, शेजारी.

अयुथयाचा, म्हणजे जुन्या राजधानीचा, प्रकार वेगळा. बँकॉकपासून साधारण 80 किलोमीटर, रेल्वेने दीडएक तास, म्हणजे पूर्ण दिवस गेला. वाट फ्रा सी सानफेतचे तीन मोठे स्तूप पोस्टरवर सगळ्यांनी पाहिलेले असतात. पहिले दोन 1492 मध्ये अयुथयाच्या दुसऱ्या रामाधिपती राजाने वडील आणि थोरल्या भावासाठी बांधले, तिसरा पुढे त्याच्यासाठी उभा राहिला. 1767 मध्ये ब्रह्मदेशच्या फौजांनी शहर जाळलं. आज तिथे विटा आणि ऊन आहे. कथा माहीत नसेल तर अर्ध्या तासात कंटाळा येतो, हे स्पष्टच सांगतो.

म्हणून अयुथयाला गेलात तर सानफेतपेक्षा वाट राचबुरानाला वेळ द्या. 1424 मध्ये राजा वारला, दोन थोरल्या मुलांनी गादीसाठी हत्तीवरून द्वंद्व केलं, दोघेही मेले आणि गादी तिसऱ्याला मिळाली. त्याने भावांच्या दहनाच्या जागी हे देऊळ बांधलं. प्रांगच्या पोटात अरुंद, उभा जिना उतरून तळघरात जाता येतं. भिंतींवर पुसट चित्रं दिसतात. 1957 मध्ये चोरांनी हे तळघर फोडलं. उरलेलं सोनं जवळच्या चाओ साम फ्राया संग्रहालयात आहे, ते चुकवू नका. गुडघे दुखत असतील तर जिन्याचा नाद सोडा आणि थेट संग्रहालय गाठा.

चियांग माईला जाणारच असाल तर वाट सुआन दोकचे पांढरे स्तूप वाटेत बघा. तिथल्या जुन्या राजांच्या अस्थी चुलालोंगकोर्न यांच्या चियांग माईच्या राणीने, दारा रस्मीने, एकत्र आणल्या. बँकॉकच्या चारोएन क्रुंग रस्त्यावरच्या प्रोटेस्टंट दफनभूमीत थायलंडमध्ये थाई लिपीतली छपाई आणणारे अमेरिकन मिशनरी डॉ. ब्रॅडली आहेत, इतिहासाचं वेड असेल तरच जा. राच्चबोफितला मात्र खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालून जा.