पोहे, उपमा, थालीपीठ की ओट्स? दुपारपर्यंत पुरणाऱ्या न्याहारीची निवड

सकाळी आठला घर सोडायचे आणि दुपारी दीडच्या आत डबा उघडता येत नाही, असा ज्यांचा दिवस असतो, त्यांनी न्याहारी निवडताना सर्वप्रथम एक गोष्ट तपासावी: खाल्लेले अन्न साडेपाच तास पुरते का? केवळ पिष्टमय पदार्थांनी पोट भरले, तर रक्तातील साखर लवकर वाढते, तिला आवरण्यासाठी इन्शुलिन स्रवते आणि साखर खाली येताच अकराच्या सुमारास अनेकांना पुन्हा भूक लागते किंवा सुस्ती जाणवते. त्याच ताटात प्रथिने, तंतुमय पदार्थ आणि थोडी स्निग्धता असेल, तर जठर सावकाश रिकामे होते आणि साखर रक्तात हळूहळू उतरते. प्रौढ व्यक्तीला वजनाच्या दर किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिने मिळावीत, अशी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची शिफारस आहे. साठ किलो वजनाच्या माणसाला याप्रमाणे दिवसाला सुमारे 50 ग्रॅम लागतात. न्याहारीच्या वाट्याला त्यातील जवळपास एक तृतीयांश, म्हणजे साधारण 15 ते 16 ग्रॅम, यावेत असे मी धरतो आणि पुढील सर्व पदार्थ याच मापाने पाहतो.

कांदेपोह्यांपासून सुरुवात करणे योग्य, कारण बहुतेक मराठी घरांत निवड तिथूनच सुरू होते. साळ, म्हणजे टरफलासकट तांदूळ, भिजवून, भाजून आणि दाबून पोहे केले जातात. त्यामुळे त्यांतील पिष्ट आधीच अर्धवट शिजलेले असते आणि लवकर पचते. एका माणसासाठी 60 ग्रॅम कोरडे पोहे घेतले, तर त्यांतून जेमतेम चार ग्रॅम प्रथिने मिळतात. परंतु त्यांत मूठभर, म्हणजे 20 ग्रॅम, शेंगदाणे घातले की त्या मुठीतूनच पाच ग्रॅम मिळतात. शोभेपुरते आठ-दहा दाणे टाकण्याची पद्धत मला म्हणूनच खटकते. शेजारी मोड आलेल्या मटकीची वाटीभर उसळ घेतली, तर एकूण प्रथिने 15 ग्रॅमच्या आसपास जातात आणि तंतुमय पदार्थांची उणीवही बरीच भरून निघते. काल सकाळी भिजवून रात्री फडक्यात बांधलेली मटकी आज सकाळपर्यंत तयार होते, त्यामुळे आयत्या वेळी फोडणी देण्यापलीकडे काम उरत नाही. वर पिळलेल्या लिंबातील क जीवनसत्त्वामुळे अन्नातील लोह अंगी लागायला मदत होते. मात्र याच ताटासोबत कडक चहा घेतला तर त्यातील टॅनिन त्या कामात अडथळा आणतात. चहा तासभर आधी किंवा नंतर घ्यावा.

उपम्यात प्रथिने पोह्यांपेक्षा थोडी अधिक, 60 ग्रॅम रव्यामागे सहा-साडेसहा ग्रॅम, असतात. परंतु बारीक रव्यात कोंडा जवळजवळ नसतो. गव्हाच्या दलियाचा उपमा भाज्या घालून केला तर तो अधिक वेळ पुरतो, आणि उपमाच आवडत असेल तर हा बदल अवश्य करावा.

थालीपीठाची गोष्ट मुळातच वेगळी आहे, कारण इथे धान्य आणि डाळ पिठातच एकत्र आलेली असतात. ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने आणि जिरे वेगवेगळे खमंग भाजून, किंचित जाडसर दळलेली भाजणी ही आपल्या स्वयंपाकघराने शोधलेली अत्यंत शहाणी गोष्ट आहे, असे मला मनापासून वाटते. तृणधान्यांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा एक घटक, कमी असते आणि ते डाळींत भरपूर असते. उलट डाळींत मेथिओनिन हे दुसरे अमिनो आम्ल कमी असते, ते धान्यांतून मिळते. डाळींचे प्रमाण एक तृतीयांश ठेवले, तर 80 ग्रॅम भाजणीच्या दोन मध्यम थालीपिठांतून दहा-अकरा ग्रॅम प्रथिने मिळतात. सोबत मोठी वाटीभर दही घेतले की आपले माप पूर्ण होते. जाडसर दळण, कोंड्यासकट असलेली ज्वारी-बाजरी आणि मधल्या भोकांत सोडलेले तेल या तिन्हींमुळे पचन सावकाश होते. अडचण वेळेची आहे. झाकण ठेवून मंद आचेवर एक थालीपीठ व्हायला सहा-सात मिनिटे लागतात, त्यामुळे चार माणसांच्या घरात दोन तवे नसतील तर सकाळ हातातून निसटते.

साबुदाणा कसाव्याच्या कंदातील पिष्टापासून तयार होतो आणि त्याच्या 100 ग्रॅममध्ये एक ग्रॅमही प्रथिने नसतात. खिचडी जी काही भूक धरते, ती दाण्याच्या कुटाच्या आणि तुपाच्या बळावर. उपवासाच्या दिवशीही भगर आणि दाण्याची आमटी ही निवड त्याहून सरस ठरते.

नाचणीविषयी थोडी सावधगिरी हवी. तिच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, हे खरेच मोलाचे आहे. परंतु दोन चमचे पिठाचे पातळ आंबील पिऊन दुपारपर्यंत तग धरण्याची अपेक्षा ठेवणे त्या धान्यावर अन्याय आहे. तीच नाचणी थोडे बेसन मिसळून धिरड्यात किंवा भाकरीत खावी.

ओट्समधील बीटा-ग्लुकन हा विरघळणारा तंतू पोटात दाटपणा आणतो, म्हणून ते भूक चांगली धरतात. मात्र जाड ओट्स घ्यावेत. मसाला घातलेल्या झटपट पाकिटांत मीठ जास्त असते आणि दाणा बारीक कापलेला असल्याने तो लवकर पचतो. 40 ग्रॅम ओट्स आणि पेलाभर दूध मिळून अकरा-बारा ग्रॅम प्रथिने होतात, उरलेली मूठभर शेंगदाण्यांनी किंवा बदामांनी भरता येतात. एकट्याने राहणाऱ्यांना आणि ज्यांच्याकडे पाचच मिनिटे असतात त्यांना मी हेच सुचवेन. अंडी खाणाऱ्यांसाठी दोन अंडी आणि एक पोळी हा तितकाच सोपा मार्ग आहे, कारण दोन अंड्यांतूनच बारा ग्रॅम प्रथिने मिळतात.

मधुमेहाची औषधे किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी न्याहारीतला मोठा बदल डॉक्टरांना विचारूनच करावा. बाकीच्यांनी सुटीच्या दिवशी किलोभर भाजणी दळून घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवावी, आठवड्यातून तीन दिवस थालीपीठ आणि उरलेल्या घाईच्या दिवसांत उसळ-पोहे करावेत, आणि पंधरा दिवस रोज किती वाजता भूक लागली ते टिपून ठेवावे. कोणते ताट आपल्याला पुरते, हे त्या नोंदीवरून कळेल.