थ्रेडिंगनंतर काय लावावं: टी ट्री की लॅव्हेंडर?

वरच्या ओठावरची, हनुवटीवरची लव काढली की कुणाला बारीक पुळ्या येतात, कुणाची नुसतीच आग होते. मग टी ट्री आणि लॅव्हेंडर या वनस्पतींच्या सुगंधी तेलांच्या दोन बाटल्या समोर ठेवून विचार सुरू. केस मुळापासून जातील, ही आशा आधी सोडा. ते काम दोन्ही तेलांचं नाही.

पुळ्यांसाठी टी ट्री सरस. त्यातलं टर्पिनेन-४-ऑल हे द्रव्य जंतूंना आवर घालतं. मुरुमांवर ५ टक्के टी ट्री जेलची चाचणीही झालेली आहे. गुण आला, पण सावकाश. लॅव्हेंडरचा जंतूंवरचा जोर कमी. त्याचा वास मात्र सुखद. टी ट्रीचा थेट दवाखान्याची आठवण करून देतो!

त्रासाच्या बाबतीत लॅव्हेंडर सौम्य समजतात, तेवढं ते निर्धोक नाही. हवा लागून जुनं झालेलं कुठलंही तेल ॲलर्जी देऊ शकतं, आणि इथे दोघंही सारखेच दोषी. बाटली घट्ट बंद, अंधारात ठेवा.

निव्वळ तेल चेहऱ्यावर कधीच नको. ३० मिलि जोजोबा तेलात ३ ते ६ थेंब पुरे. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबा. वॅक्सिंगने सोललेल्या त्वचेवर त्याच दिवशी काहीच नको, थंड पाण्याची पट्टी बरी.

तेलकट, पुळ्या येणाऱ्या त्वचेला टी ट्री घ्या. पुळ्या नाहीत, वास आवडतो, तर लॅव्हेंडर. त्वचा चटकन लाल होत असेल तर दोन्ही नको, बिनवासाचं कोरफड जेल लावा.