साडेसहा इंची पट्टी : आठ महिने आणि ३२० त्रिकोणी तुकडे

भाचीच्या बाळाची गोधडी शिवायला घेतली तेव्हा ही पट्टी आणली. जाड अॅक्रिलिकची, पारदर्शक, साडेसहा इंची चौकोनी, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ४५ अंशांची रेघ. आठ महिने जवळजवळ रोज हातात आहे.

आधी मी त्रिकोण कापून मग जोडत असे. तिरकी कड म्हणजे उरेब, मशीनखाली हमखास ताणली जायची. सासूबाई सांगायच्या, "अगं, उरेब ओढू नकोस, सोडून दे." तरी प्रत्येक तुकड्यात सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, फरक राहायचाच, आणि एका ओळीत सोळा तुकडे असले की सूत-सूत करत दोन इंच होतात. टोकं जुळणार कशी?

आता आधी शिवते, मग कापते. तयार त्रिकोणी तुकडा, म्हणजे दोन त्रिकोण जोडून झालेला चौकोन, तीन इंचाचा हवा, तर फिकट आणि गडद असे आठ इंची दोन चौकोन एकमेकांवर ठेवते. दोन्ही कर्ण आखायचे. प्रत्येक रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर, खरं तर धागाभर आतच, टीप मारायची. मग मधोमध उभं-आडवं कापून चार भाग, आणि शेवटी कर्णांवर. एका जोडीतून आठ तुकडे. हिशेबाने पावणेआठ इंच पुरतात, पण तो पाव इंच मी मुद्दाम जास्त धरते, कारण इथेच पट्टीचं खरं काम आहे. इस्त्री सरकवायची नाही, नुसती दाबायची. मग पट्टीची तिरकी रेघ शिवणीवर ठेवून दोन कडा कापायच्या, तुकडा फिरवून उरलेल्या दोन. साडेतीन इंचांचा नेमका चौकोन मिळतो (चारही बाजूंचा पाव इंच शिवणीत गेला की तीन), शिवणीच्या टोकाला बाहेर आलेले कानही निघून जातात.

४८ बाय ६० इंचांच्या गोधडीला असे ३२० तुकडे लागले, म्हणजे चाळीस जोड्या. ४४ इंची पन्ह्यात प्रत्येक रंगाचं पावणेदोन मीटर बेतात बसतं. पांढरा कॅम्ब्रिक (तलम सुती कापड) इंदूरच्या एम. टी. क्लॉथ मार्केटमधून घेतला, गडद बाजूला मध्य प्रदेशातल्या बाग गावच्या छपाईचं लाल कापड. दोन्ही आधी भिजवून धुवा. कापड आटतं, आणि लाल रंग पांढऱ्यावर उतरला तर सगळी मेहनत वाया जाते.

पट्टीची एक तक्रार आहे. गुळगुळीत असल्यामुळे कापताना सरकते. एकदा गोल फिरत्या पात्याचा कटर माझ्या अंगठ्याला लागला. तेव्हापासून खाली चारही कोपऱ्यांना बारीक पॉलिश पेपरचे तुकडे चिकटवले आहेत. एका कडेचे आकडे पुसट झालेत, तिरकी रेघ मात्र अजून ठळक आहे. ४५ मिलिमीटरच्या कटरचं पातं मध्येच बदललं. बोथट पातं धागे सोडत जातं, आणि आपण उगाच जास्त दाबतो.

पुढची गोधडी दोन इंची त्रिकोणांची आहे. तयार मापात एक इंच मिळवायचा आणि दुप्पट करायची, म्हणजे या वेळी सहा इंची चौकोन. कापड धुऊन दोरीवर वाळतंय.