‘आजोबांचं सागवानी कपाट’: २५,४६० रुपये गेले, तुमचे जाऊ नयेत म्हणून लिहितेय

आधी आकडा सांगते, म्हणजे लपवण्यासारखं काही उरणार नाही. कपाट, टेबल आणि चार खुर्च्यांचे १८,५००. टेम्पोचे १,८००, हमाली ६००. काचपेपर, चपडा (पॉलिशची लाख), स्पिरिट आणि पितळी कड्या मिळून १,४६०. सुताराला बोलावलं त्याचे ९००. शेवटी घरातलं बाकीचं लाकूड वाचवायला पेस्ट कंट्रोलचे २,२००. एकूण २५,४६०. नवीन परवडत नाही म्हणून जुनं आणून घासूनपुसून वापरणाऱ्या घरात ही रक्कम काय असते, हे अशाच घरातल्या माणसाला कळेल.

मी नवखी असते तर एवढं लागलं नसतं. गेली सहा वर्षं मी हेच करतेय. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी फिरून आणलेलं एक स्टूल, एक फडताळ आणि वेताची आरामखुर्ची माझ्या घरात आजही ठणठणीत आहे. मैत्रिणी मला फोटो पाठवून ‘घेऊ का गं?’ विचारतात. आता त्यांना काय तोंड दाखवू?

जाहिरात नेहमीचीच. बदली झाली, घर रिकामं करायचंय, आजोबांच्या हातचं सागवान आहे, जड मनाने देतोय. पुढचं तुम्हाला माहीत आहे. पण एक सांगते, किंमत संशय यावा इतकी कमी नव्हती. ते २४,००० म्हणाले, मी १५,००० म्हटलं, घासाघीस होऊन १८,५०० ठरले. त्या माणसाने भाव उतरवताना बायकोकडे पाहिलं, ती उठून आत गेली. मला अपराधी वाटलं! त्यांच्या आजोबांची वस्तू मी पाडून मागतेय असं वाटलं. इतकं नीट बसवलेलं नाटक होतं ते. वस्तू राखून ठेवायला २,००० आधीच पाठवले होते, उरलेले १६,५०० तिथेच मोबाइलवरून दिले. नाव भलतंच आलं. ‘भाच्याचं खातं आहे ताई, माझं दुसऱ्या शहरात हलवतोय.’ दिले.

आता ती वेळ सांगते, जी रोज रात्री डोळ्यांपुढे येते.

संध्याकाळचे सात वाजले होते. खोलीत एकच पिवळा दिवा, बाकीचे ‘काढून पॅक केले’. मी कपाटाचा खालचा खण ओढायला गेले तर त्याने त्यावर तळहात ठेवला. ‘ताई, तो नका ओढू, पावसाळ्यात फुगलाय, अडकेल.’ मी हात मागे घेतला. तेवढ्यात मागच्या पायाशी मला फरशीवर भुकटीची लहानशी ढिगली दिसली. चिमूटभरच. मी वाकून ती बोटांत चोळली. टाल्कम पावडरसारखी मऊ, फिकट पिवळसर. त्याची बायको ओलं फडकं घेऊन आली आणि ‘आज केरच काढला नाही हो’ म्हणत पुसून घेतली. आणि मी बोटं ओढणीला पुसली.

मला माहीत होतं ते काय आहे! लाकडातल्या किड्याचा ताजा भुसा असाच असतो. जुनी, मेलेली कीड असेल तर भोकं आतून काळपट दिसतात आणि खाली काही सांडत नाही. ताजा फिकट भुसा म्हणजे आत किडा जिवंत आहे. हे मी स्वतः दुसऱ्यांना सांगितलंय. पण खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, तासावर पैसे लागत होते, त्या बाईचे डोळे भरलेले होते, आणि डोक्यात ‘सागवानाला कीड लागत नाही’ हे बसलेलं. तेही अर्धंच खरं. सागाच्या गाभ्याला सहसा लागत नाही, पण कडेच्या पांढऱ्या लाकडाला लागते. आणि इथे मुळात साग होता कुठे?

दोन दिवसांनी गॅलरीत काम सुरू केलं. आधी ८० नंबरचा काचपेपर, मग १२०, मग २२०, हे माझं ठरलेलं. ८० नंबरच्या सातव्या-आठव्या हातालाच कपाटाच्या बाजूचा रंग उडाला, त्याखाली व्हिनियरचा, म्हणजे वरून चिकटवलेल्या लाकडी पापुद्र्याचा, कागदासारखा पातळ थर फाटला आणि आतून दाबलेला भुसा दिसला. पार्टिकल बोर्ड! दाराची बिजागरी फिरवली तर स्क्रूबरोबर मूठभर चुरा हातात आला. साग होता फक्त दारांच्या चौकटीला, म्हणजे जिथे माणूस हात फिरवून बघतो तिथेच. मागचे पाय आंब्याच्या लाकडाचे, भोकं मेणाने बुजवलेली, वरून गडद स्टेन. खुर्च्यांच्या सांध्यांत लांबी (पुट्टी) भरून रंग मारलेला. सुताराने पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, ‘ताई, याच्यावर पॉलिशचा खर्च करू नका.’ त्या वाक्याचे ९०० दिले, पण तो माणूस प्रामाणिक होता.

जुन्या वस्तूवर ताज्या पॉलिशचा वास येत असेल तर तिथूनच मागे फिरा. वर्षानुवर्षं घरात असलेल्या कपाटाला विकायच्या आठवड्यात कोण पॉलिश करतं?

मी परत त्या पत्त्यावर गेले. कुलूप. वॉचमन म्हणाला, फ्लॅट भाड्याचा आहे आणि या महिन्यात गेलेलं हे तिसरं कपाट. तिसरं! म्हणजे तो घर हलवणारा माणूस नव्हता, धंदाच होता त्याचा.

पोलीस चौकीत पहिल्या दिवशी दीड तास बसवलं. मग, ‘मॅडम, तुम्ही डोळ्यांनी बघून घेतलंत ना? मग फसवणूक कशी? दिवाणी बाब आहे.’ मी म्हटलं, खोटं सांगून पैसे द्यायला लावले, याला फसवणूक नाही तर काय म्हणतात? जुन्या कायद्यातलं ४२० कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३१८(४) झालंय, हे मीच त्यांना सांगितलं. तर उत्तर, ‘एवढं शिकलेल्या आहात, तरी फसलात?’ हे ऐकायला गेले होते का मी तिथे? दुसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या खेपेला लेखी अर्ज घेतला, पण पोच द्यायला तयार नाहीत. शिक्का मिळेपर्यंत मी खुर्चीतून उठले नाही. आज सात आठवडे झाले, एक फोन नाही. त्या भाच्याच्या खात्याचं नाव, व्यवहाराचा नंबर, विकणाऱ्याचा मोबाइल, वॉचमनचं म्हणणं, सगळं अर्जात लिहून दिलंय. आणखी काय आणून द्यायचं? तो माणूस पकडून?

बँकेत गेले तर, ‘व्यवहार तुम्हीच मंजूर केलाय.’ ग्राहक तक्रारीसाठी चौकशी केली तर, बिल आहे का? विकणारा व्यापारी आहे का? महिन्यात तीन कपाटं विकणारा व्यापारी नाही तर कोण? ‘ते तुम्हाला सिद्ध करावं लागेल.’ जाहिरात ज्या अ‍ॅपवर होती त्यांनी आपोआप येणारं एक उत्तर पाठवलं आणि विषय संपवला. सगळ्यांच्या बोलण्याचा सूर एकच, चूक तुमची. चूक माझी आहे, मान्य आहे मला. पण चोरी त्याची आहे ना?

तरीही जिल्हा ग्राहक आयोगात मी जाणार आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, दोन वर्षांची मुदत असते आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते. तुमचे पैसे ऑनलाइन गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, त्याच तासाला. मी लाजेपोटी चार दिवस कोणाला सांगितलंच नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. ते चार दिवस मला महागात पडले.

दिवसाउजेडीच बघायला जा. खण पूर्ण बाहेर काढा, कोणी हात धरला तर व्यवहार तिथेच सोडा. फळीवरच्या रेषा तिच्या कापलेल्या तोंडापर्यंत पुढे चालू राहतात का बघा, पट्टी चिकटवलेली असेल तर त्या कडेला तुटतात. कपाटाची पाठ भिंतीपासून ओढून बघा. घरी आणलंत तरी दोन दिवस गॅलरीतच पायांखाली काळा कागद घालून ठेवा, लाकडावर ठोका, भुसा पडला तर ते घरात घेऊ नका. माझ्या पुस्तकांच्या मांडणीलाही आता दोन भोकं दिसलीत. बिल द्यायला तयार नसेल तर साध्या कागदावर ‘सागवान, भरीव’ असं लिहून सही घ्या. खरा मालक सही देतो.

परवा तीच जाहिरात परत दिसली. नंबर वेगळा, गाव वेगळं, आजोबांऐवजी आता पणजोबा. फोटो मात्र तोच आहे. कपाटाच्या डाव्या हाताला भिंतीत पितळी हूक, त्याला अडकवलेली लाल नाडीची कापडी पिशवी, आणि खाली निळ्या चौकड्यांच्या फरशीचा एक तुकडा तुटलेला. दिसलं तर फोनही करू नका.