जुन्या पाटल्या मोडायला गेले होते, त्या सराफाच्या दुकानाबद्दल

नगरच्या सराफ बाजारात आतल्या बोळात हे दुकान आहे, दुकानवाल्या काकांनी नाव टाकू नका म्हणून सांगितलंय त्यामुळे टाकत नाही. पण अनुभव लिहिल्याशिवाय राहवत नाहीये, कारण मी तिथे गेले होते सोनं विकायला आणि परत आले ते दुसरंच काहीतरी घेऊन.

आधी थोडं माझं सांगते. मागच्या वर्षी माझे मिस्टर गेले. दीड वर्ष डायलिसिस चाललं, आठवड्यातनं दोनदा, आणि शेवटी शेवटी तर दवाखाना हेच घर झालं होतं. उसने पैसे झाले होते ते फेडायचे म्हणून आईनी लग्नात घातलेल्या दोन पाटल्या मोडायच्या ठरवल्या. आधी एका मोठ्या चकाचक दुकानात गेले. त्यांनी शुद्धता तपासायच्या मशीनमध्ये पाटली ठेवली, आकडा बघितला आणि आत भरलेली लाख असेल, सोल्डर म्हणजे झाळ असेल असं म्हणून सरसकट घट कापून चौतीस ग्रॅमचे पैसे सांगितले. काटा तर माझ्या डोळ्यासमोर ४१.३५० दाखवत होता! गाळून बघा म्हटलं तर म्हणे आम्ही गाळत नाही. मी तशीच उठले.

मग या काकांकडे. दुकान म्हणजे एक खोली, मागे भट्टीची जागा, बसायला एक स्टूल. पहिली गोष्ट काकांनी काय सांगितली तर, "ताई, मशीन वरवरचं बघतं. पोकळ पाटली आहे, आत काय आहे ते गाळल्याशिवाय मलाही नाही सांगता येणार. तुम्ही इथेच बसा, तुमच्यासमोर गाळतो." आणि खरंच माझ्यासमोर सगळं केलं, सोनं वितळवायचं भांडं, म्हणजे मूस, एकदाही आत नेली नाही. आधी वजन करून चिठ्ठीवर माझी सही, मग पाटल्या कापल्या, आतली काळपट लाख बाहेर दिसायला लागली, मग तुकडे मुशीत टाकले, वर चिमूटभर टाकणखार आणि गॅसची ज्योत. लाखेचा वास सगळ्या खोलीत. आईच्या पाटल्या डोळ्यासमोर वाकत वाकत पातळ होताना बघणं सोपं नाही हो, मी रडले, काकांनी न बोलता पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

आम्ही ख्रिश्चन, तीन पिढ्या. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रातलं ते अग्नीत पारखलेल्या सोन्याचं वचन लहानपणापासून पाठ आहे, आणि उपदेशात एक गोष्ट नेहमी ऐकलेली की धातू शुद्ध झाला की गाळणाऱ्याला त्यात स्वतःचा चेहरा दिसतो. मी मुद्दाम वाकून बघितलं. चेहरा काही दिसला नाही, इतकं लखलखत होतं की डोळे मिटावे लागले. काकांना विचारलं, झालं हे कसं कळतं? तर म्हणाले, वरचा मळ फिरायचा थांबला की कळतं, आणि तोपर्यंत नजर हलवायची नाही, कमी तापलं तर मळ आतच राहतो. त्या दहा-पंधरा मिनिटांत फोन दोनदा वाजला, काकांनी घेतला नाही. बायबलमधल्या मलाखीच्या पुस्तकात प्रभूबद्दल म्हटलंय की तो रुपं गाळणाऱ्यासारखा बसेल. त्यातला 'बसेल' हा शब्द मला त्या स्टुलावर कळला.

गार झाल्यावर वजन, ३७.६२०. म्हणजे पावणेचार ग्रॅमच्या आसपास गेलं. टंच, म्हणजे शंभरात किती सोनं ते, नव्वदच्या थोडा वर आला, मी बावीस कॅरेट समजत होते म्हणजे ९१.६ हवा होता, पण जुन्या दागिन्यात झाळ असते त्यामुळे एवढं कमी येतंच असं काकांनी समजावलं. आणि अजून एक सांगितलं जे मला माहीतच नव्हतं, की हे नुसतं गाळणं आहे, यानी घाण जाते पण तांबं-चांदी आतच राहतं. खरं शुद्ध करायचं तर त्यात उलट आणखी चांदी मिसळून तेजाबात उकळतात, बाकीचं विरघळतं आणि सोनं तेवढं खाली राहतं. ते काम इथे करत नाहीत, रिफायनरीवाले करतात.

मी घरी येईपर्यंत रिक्षात त्याच्यावरच विचार करत होते. आगीनं सोन्यात काहीच घातलं नाही. आपण म्हणतो संकटानं विश्वास वाढतो, माझा काही वाढला नाही, वजनानी तर कमीच झाला. आधी माझ्या विश्वासात खूप काही होतं. कमाईचा दशमांश चर्चला नियमित देतो म्हणजे घरावर मोठं काही येणार नाही, उपास केला की रिपोर्ट चांगला येईल, पाळकांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली म्हणजे किडनीच्या तपासणीतलं क्रिएटिनिन खाली येईल. वरून बघितलं तर सगळं बावीस कॅरेटच. ते सगळं त्या दीड वर्षात जळून गेलं, आणि जळताना वास पण आला, मी देवाला नाही नाही ते बोलले. आमच्यातल्याच एका बाईंनी तोंडावर सांगितलं होतं की तुमचा विश्वास कमी पडतोय, तेव्हा तर उपासनेला जाणंच बंद केलं होतं. राहिलं काय, तर रात्री दोन वाजता वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसून तीन शब्दांची प्रार्थना, प्रभू, इथेच थांब. दुसरं काही मागताच येत नव्हतं. पण तो थांबला होता, हे मी शपथेवर सांगेन. मिस्टर गेले त्या पहाटेसुद्धा.

दुःख चांगलं असतं असं मी अजिबात म्हणत नाही. त्याच वॉर्डात मी माणसं पार खचलेली बघितली आहेत, त्यांना जाऊन सोन्याचं वचन ऐकवणं म्हणजे जखमेवर मीठ.

पंडिता रमाबाईंचं मला म्हणूनच इतकं वाटतं. दुष्काळात आई, वडील, बहीण गेले, झाडाची पानं खाऊन दिवस काढले, १८८० ला भाऊ गेला, १८८२ ला नवरा कॉलऱ्यानी, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती आणि पदरात लहान मनोरमा. बाप्तिस्मा त्यानंतर, १८८३ मध्ये, इंग्लंडला. म्हणजे तेव्हा तरी सगळं सुरळीत व्हावं ना? पुण्यात त्यांच्या शारदा सदनावर, म्हणजे विधवा आणि मुलींच्या शाळेवर, धर्मांतराचे आरोप झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. आणि १८९६-९७ च्या दुष्काळात ह्याच बाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या, केडगावच्या त्यांच्या मुक्ती आश्रमात (आपलं नगरचं केडगाव नव्हे, दौंडजवळचं). भूक म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. मग १९२१ ला मनोरमा पण गेली, एकुलती एक. तेव्हा त्या हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणत होत्या, खेड्यातल्या बायकांना कळेल असं, ते काम त्यांनी सोडलं नाही, पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. नुसतं एकदा गाळून सोनं पुरं शुद्ध होत नाही हे काकांचं बोलणं ऐकलं तेव्हा मला आधी रमाबाईच आठवल्या.

मी काही रमाबाई नाही. पण आता दर गुरुवारी डायलिसिसच्या वॉर्डात दोन डबे जास्तीचे घेऊन जाते आणि बाकड्यावर कोण असेल त्याच्याजवळ बसते. वचन वगैरे काही सांगत नाही, विचारलं तरच.

असो, दुकानाचं. पैसे त्याच दिवशी बँकेत जमा झाले, पक्की पावती मिळाली, गाळायची मजुरी अगदी नावाला. कमी काय आहे तर जागा फार लहान, धूर होतो, दम्याचा त्रास असेल तर बाहेर बसा, आणि काका सावकाश काम करतात, दोन तास हातात ठेवूनच जा. आधार कार्ड न्या, जुनी पावती असेल तर ती पण. दुपारी एक ते चार बंद असतं.

आणि हे राहिलंच. मी पाटल्यांबरोबर मंगळसूत्राच्या वाट्या पण नेल्या होत्या, पुडीत बांधून. काकांनी पुडी उघडून बघितली, माझं देणं किती ते विचारलं, कागदावर हिशोब केला आणि पुडी परत बांधून माझ्या हातात दिली. म्हणाले, "पाटल्यांत भागतंय ताई, ह्या आज नकोत." धंदेवाला माणूस, आलेलं सोनं परत देतो! त्या वाट्या आता माझ्या बायबलच्या चेन लावलेल्या कव्हरमध्ये, आतल्या कप्प्यात आहेत.